मार्क कशात कापायचे?

पोरी, शिकागोला चाललीस, तर तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जाशीलच. नाही गेलीस तर परत आल्यावर मला तोंड दाखवू नकोस. मिशिगन अव्हेन्यूवर ज्या इमारतीच्या दारात ब्राँझचे दोन सिंह आहेत, तीच. १८७० नंतरच्या बहुतेक चळवळींचे अव्वल नमुने तिथे एका छपराखाली मिळतात. आधुनिक चित्रं ओळखायला शिकायचं तर इतकी सोयीची जागा जगात थोडी. जाण्याआधी 'वादां'ची यादी मात्र पाठ करू नकोस. यादी पाठ असलेला माणूस चित्राच्या आधी शेजारची पाटी वाचतो, आणि एकदा पाटी वाचली की डोळा काम करायचं थांबवतो.

त्यापेक्षा आमच्या मास्तरांनी आम्हाला दिलेली एक युक्ती घेऊन जा. तू चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिलीस, इंटरमिजिएट दिलीस. स्थिरचित्राच्या पेपरात काय काय सांभाळायला लागायचं ते आठव. घडा, वाटी, मागे सोडलेलं कापड, दोन कांदे. बघायचं एकाच जागेवरून, मान हलवायची नाही. उजेड एका बाजूनं. कांद्याला कांद्याचा रंग आणि घड्याला घड्याचा. सावली गडद, वस्तूला गोलाई, मांडणी कागदात नीट बसलेली, काही कडेला कापलं जाता कामा नये. आणि शेवटी फिनिशिंग: ब्रशचे फटकारे दिसले की गेला ग्रेड. मास्तर म्हणायचे, नव्या चित्रापुढे उभं राहिलं की 'हे काय काढलंय' असं विचारू नये. 'मी परीक्षक असतो तर ह्याचे मार्क कशात कापले असते' असं विचारावं. ज्या जागी मार्क कापावेसे वाटतात, तिथेच त्या चळवळीची ओळख असते.

हे नियम कमी लेखू नकोस. युरोपातल्या अकादम्या पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवत होत्या आणि १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल निघालं तेव्हा हेच नियम बोटीतून इकडे उतरले. ज्यांनी पुढे ते मोडले, त्यातल्या बहुतेकांना ते उत्तम येत होते.

आता आत जा. पहिल्यांदा मोनेच्या गव्हाच्या सुड्या गाठ. १८९०-९१ मध्ये त्यानं त्याच त्या सुड्या पुन्हा पुन्हा रंगवल्या, सकाळच्या, संध्याकाळच्या, बर्फातल्या. शिकागोत त्यातल्या कितीतरी आहेत, बाकी कुठल्याच संग्रहालयात एवढ्या नाहीत. मार्क कशात जातील? फिनिशिंगमध्ये तर सगळेच. जवळ गेलीस की नुसते तुटक फटकारे दिसतात, सुडी दिसतच नाही. आणि सावली बघ. काळी नाही, करडीही नाही, निळी-जांभळी आहे. हीच इम्प्रेशनिझमची पक्की खूण: सावलीला रंग असतो. घराबाहेर, डोळ्यांदेखत बदलणाऱ्या उजेडात बसून रंगवायचं म्हटलं की घासूनपुसून गुळगुळीत करायला सवड कुठली? १८४१ मध्ये जॉन रँड ह्या अमेरिकन चित्रकारानं कथलाची रंगाची नळी काढली होती, म्हणून रंग खिशात घालून शेतावर जाणं शक्य तरी झालं. ह्या मंडळींनी पहिलं प्रदर्शन पॅरिसमध्ये १८७४ साली भरवलं, तेही नादार नावाच्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत.

पण तिथेच कायबोतचं 'पॅरिसचा रस्ता, पावसाळी दिवस' हे मोठं चित्र आहे, १८७७ सालचं. त्याच्यापुढे युक्ती थोडी लंगडेल. फिनिशिंग स्वच्छ, पर्स्पेक्टिव्ह चोख, ओल्या फरशीवरचा उजेड बघत राहावा असा. तरी हे चित्र इम्प्रेशनिस्टांच्याच प्रदर्शनात लागलं होतं. नीट बघ, उजव्या कडेचा माणूस अर्धा कापलाय. मांडणीचे मार्क गेले. फोटो आणि जपानी ठसाचित्रं बघून ह्या पिढीनं कडेला माणसं कापायला सुरुवात केली. देगाच्या नर्तकींमध्येही तेच सापडेल. शिवाय लक्षात ठेव की चळवळ ही शैली असते तशी एकत्र प्रदर्शन भरवणाऱ्या मित्रांची टोळीही असते, आणि टोळीतले सगळे सारखं रंगवत नाहीत.

पुढे स्यूराचं 'ग्रांद जात बेटावरचा रविवार' येईल, सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद. १८८४ ते ८६ अशी दोन वर्षं तो त्यावर होता. नुसते ठिपके. आता ठिपक्यांबद्दल सांगून ठेवतो, कारण नवखा माणूस सर्वांत जास्त तिथेच फसतो. स्यूराचे ठिपके बारीक, हातानं दिलेले, शेजारी-शेजारी वेगळ्या रंगांचे असतात. ते आपापसात मिसळायचं काम त्यानं तुझ्या डोळ्यावर सोडलंय. म्हणून लांब जावं लागतं. लिक्टेनस्टाइनचे ठिपके एकसारखे, एका रंगाचे, स्वस्तातल्या कॉमिकच्या छपाईतले मोठे करून काढलेले. तिथे लांब जाऊन काही मिसळत नाही, भोवती जाड काळी रेघ असते आणि विषय रडणारी बाई किंवा फुटणारं विमान. तो पॉप, १९६० नंतरचा. यायोई कुसामाचे ठिपके भोपळ्यावर चढतात, भिंतीवर जातात, अख्खी खोली व्यापतात. तिला चित्रापेक्षा आवर्तनाचं वेड. आणि आपल्या रझांचा ठिपका एकच असतो, मोठा, काळा, मध्यावर. १९८० च्या सुमारास तो त्यांच्या चित्रात येऊन बसला तो कायमचा. त्याला आपण बिंदूच म्हणायचं. डॉट म्हणालीस की अर्धा अर्थ गेला.

रंगाच्या बाबतीत एक सावधगिरी. रंगद्रव्यं म्हातारी होतात. व्हॅन गॉगचं 'शयनगृह' तिथे आहे, त्या खोलीच्या त्यानं केलेल्या तीन चित्रांपैकी दुसरं. भिंती आज फिक्या निळ्या दिसतात. मुळात त्या जांभळ्या होत्या, त्यातला लाल उडून गेला. तेव्हा त्या चित्रात रंगापेक्षा रेषेवर भर दे. खोलीची जमीन पुढे ओतल्यासारखी उतरते, खाट अंगावर येते, रंगाचा थर जाड. पर्स्पेक्टिव्हचे मार्क कापशील, पण खोली विसरणार नाहीस.

१९०५ हे साल तेवढं ध्यानात ठेव, कारण त्या एका वर्षात दोन गावी एकाच नियमावर हल्ला झाला: कांद्याला कांद्याचा रंग. पॅरिसमध्ये मातीस आणि देराँ ह्यांनी चेहऱ्यावर हिरवी पट्टी मारली, झाडं लाल केली. तो फॉव्हिझम. जर्मनीत ड्रेस्डेनला किर्शनर आणि त्याच्या दोस्तांनी 'डी ब्रुके' हा गट काढला. ते एक्स्प्रेशनिस्ट. दोन्हीकडे रंग खोटा, मग वेगळे कसे ओळखायचे? मातीसचा खोटा रंग डोळ्याला सुखावतो. रेषा वळणदार, मधे कोरी जागा, मोकळा श्वास. जर्मनांचा खोटा रंग आंबट. कोपरे टोकदार, चेहरे लाकडात कोरल्यासारखे, आणि लाकडी ठसे ते खरोखरच कोरत असत. मुंखची 'किंकाळी' १८९३ ची, म्हणजे ह्या सगळ्याच्या आधीची, पण घराणं तेच. मातीस सुखावतो हे आज आपण म्हणतो. १९१३ साली न्यूयॉर्कचं आर्मरी प्रदर्शन ह्याच आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आलं, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी मातीसच्या चित्रांच्या नकला करून जाहीर जाळल्या. परीक्षक म्हणून ते आपल्यापेक्षा कडक निघाले.

आता क्युबिझम. इथे घाई करू नकोस. पिकासोनं १९१० मध्ये केलेलं कानवायलरचं व्यक्तिचित्र शोध. कानवायलर हा त्याचा चित्रविक्रेता. समोर उभी राहिलीस की करड्या-तपकिरी चिरफळ्या दिसतील, बस. दोन मिनिटं हलू नकोस. वरच्या बाजूला केसांची एक लाट सापडेल. मग गळ्याशी टायची गाठ. पोटाशी घड्याळाची साखळी. खाली एकमेकांत गुंफलेले हात. एवढं सापडलं की माणूस बसलेला दिसायला लागतो. 'मान हलवायची नाही' हा नियम इथे मोडलाय. पिकासो आणि ब्राक मान हलवतात, समोरून, कडेनं, वरून बघतात आणि सगळं एकाच कॅनव्हासवर मांडतात. एवढी गुंतागुंत करायची म्हणून त्यांनी रंग जवळजवळ बंद ठेवला. म्हणून खूण अशी: चिरफळ्या अधिक तपकिरी-करडा म्हणजे १९०९ ते १२ चा क्युबिझम.

१९१२ नंतर तेच दोघे उलट वागतात. रंग परत येतो, आकार मोठे आणि सपाट होतात, आणि चित्रात वर्तमानपत्राचा तुकडा, भिंतीचा कागद, छापील अक्षरं चिकटवलेली दिसतात. त्या साली पिकासोनं वेताच्या विणीचं डिझाइन छापलेलं मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं आणि चौकटीऐवजी सुतळी गुंडाळली. ते चित्र पॅरिसला आहे. घडा काढण्याऐवजी घड्याचा तुकडाच चिकटवला तर मी इंटरमिजिएटला काय केलं असतं, विचारू नकोस. ह्या दुसऱ्या तऱ्हेचा वारसा बघायचा तर बाहेर पडून डेली प्लाझापर्यंत चालत जा. १९६७ पासून तिथे पिकासोचं पंधरा मीटर उंच पोलादी शिल्प उभं आहे. बाई की कुत्रा की माकड, ह्यावर शिकागोकर अजून भांडतात. त्याच्या उतारावरून पोरं घसरगुंडी करतात.

पिकासोची पाटी दिसली म्हणून क्युबिझम म्हणायचं नाही, हेही बघून ठेव. त्याच संग्रहालयात त्याचा 'म्हातारा गिटारवाला' आहे, १९०३-०४ चा, सबंध निळा, लांबट हाडांचा. त्यात चिरफळ्या नाहीत, भूक आहे. गिटारवाल्याच्या मानेच्या वरच्या बाजूला टक लावलीस तर एका बाईचा चेहरा पुसटसा दिसेल. कॅनव्हास विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून जुन्या चित्रावरच नवं रंगवलेलं. माणूस एक आणि चळवळी चार, असं ह्या शतकात नेहमीचं.

इटलीच्या फ्युच्युरिस्टांना फार वेळ देऊ नकोस. क्युबिझमच्या चिरफळ्या घेऊन त्यांनी त्या पळवल्या, एवढंच. कुत्र्याला डझनभर पाय दिसले, चाकं फिरताना दिसली, की फ्युच्युरिझम म्हण. बहुतेकदा बरोबर येईल.

मग मोंद्रियानशी थांब. काळ्या आडव्या-उभ्या रेषा, लाल, पिवळा, निळा, बाकी पांढरं-करडं. वस्तूच नाही, तर स्थिरचित्राचा पेपरच बाद. आता त्याची नक्कल साड्यांवर, मगवर, चपलांवर सगळीकडे आहे, म्हणून अस्सल ओळखायची रीत सांगतो. मोंद्रियान तिरपी रेषा मारत नाही. शिकागोत १९२१ चं त्याचं एक चित्र कोपऱ्यावर उभं टांगलंय, पतंगासारखं. तरी आतल्या रेषा आडव्या-उभ्याच. कॅनव्हास तिरपा केला पण रेषा तिरपी केली नाही, इतका तो हट्टी. त्याच्या गटातल्या थिओ फान दुसबुर्खनं तिरप्या रेषा आणल्या, ते एक कारण झालं आणि दोघांचं फाटलं. दुसरं म्हणजे पांढरा जवळून बघ. तो एकसारखा छापील नाही, ब्रशचे थर दिसतात, आणि पांढऱ्यातही दोन-तीन पांढरे असतात. रशियाचा मालेविच ह्याच सुमाराचा. त्याच्याकडे चौकोन तिरपे होतात, तरंगतात, पांढऱ्यात सुटे फिरतात. १९१५ मध्ये पेट्रोग्राडला त्यानं आपला काळा चौकोन खोलीच्या वरच्या कोपऱ्यात टांगला होता, जिथे रशियन घरात देवाची तसबीर असते.

आणि द्युशाँ. त्याच्या नावापुढे बाटल्या निथळत ठेवायचं लोखंडी स्टँड दिसेल. १९१४ साली त्यानं दुकानातून आणलं होतं. ते मूळ स्टँड घर आवरताना फेकलं गेलं. शिकागोत आहे ते १९५९ चं, तेही विकतचंच. इथे कशाचे मार्क कापणार? उत्तरपत्रिकाच दिलेली नाही. 'हे तर मीही केलं असतं' असं तुझ्याबरोबरचं कोणीतरी म्हणेल. त्याला म्हण, केलं असतं, पण १९१४ मध्ये सुचलं नसतं. पुढे १९१६ ला झ्युरिचमध्ये युद्धाला कंटाळलेल्या लोकांनी दादा नावाचा धिंगाणा सुरू केला आणि हीच वृत्ती फोफावली. फोटो कापून वेडीवाकडी जोडलेली माणसं, अर्थ न लागणारी छापील अक्षरं, चित्राला मुद्दाम केलेला अपमान दिसला की दादा. खरं सांगू? मला दादा मंडळींचं ऐकायला आवडतं, त्यांच्या वस्तू बघायला फारसं आवडत नाही. तुला वेगळं वाटलं तर तसं म्हण.

सरिअलिझमपाशी युक्ती उलटी चालते. मागरीतचं १९३८ चं चित्र बघ: दिवाणखाना, भिंतीतली शेकोटी, वर घड्याळ, आणि शेकोटीतून वाफेचं इंजिन बाहेर येतंय. रेखांकन बरोबर, छायाप्रकाश बरोबर, फिनिशिंग गुळगुळीत, इंजिनाचा धूरसुद्धा शिस्तीत धुराड्यातून वर चाललाय. स्थिरचित्राच्या सगळ्या मार्कांना पात्र. तरी पोटात गोळा येतो. मार्क कुठेच कापता येत नाहीत आणि तरी काहीतरी भयंकर चुकलंय, तर सरिअलिझम. ब्रेताँनं १९२४ ला जाहीरनामा काढला तो स्वप्न आणि सुप्त मनाबद्दलचा. मागरीत आणि दालीनं ते अकादमीच्या जुन्याच हातानं रंगवलं. मिरोसारखे काही मात्र हात सैल सोडून रेषेला भटकू देतात, त्यांना हा नियम लावू नकोस.

पण मार्क कापता येत नाहीत आणि पोटात गोळाही येत नाही, तर? मग ते सरळ वास्तववादी चित्र. सालावरून फसू नकोस. ग्रँट वुडचं शेतकरी जोडप्यासारखं दिसणारं 'अमेरिकन गॉथिक' १९३० चं, हॉपरचं 'नाइटहॉक्स' १९४२ चं. दोन्ही तिथेच आहेत. युरोपात एवढी मोडतोड झाल्यावरही ही माणसं ओळखू येणारी माणसंच काढत होती. हॉपरच्या त्या उपाहारगृहात रस्त्यावरून शिरायला दार दिसत नाही, तेवढं बघून ठेव.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग, अमूर्त. अमूर्त म्हणून सगळ्यांना एका पोत्यात भरतात, त्याचा मला राग येतो. पोलॉकचं 'ग्रेड रेनबो' बघ, १९५३ चं. रंग ओतलाय, शिंपडलाय, कॅनव्हास जमिनीवर पसरून. त्याला वर-खाली नाही, मध्य नाही, नजर टेकायला जागा नाही. अंगाची हालचाल दिसते. डी कूनिंगचं 'एक्स्कॅव्हेशन', १९५० चं, त्यात ब्रश आहे, झटापट आहे, आणि मधूनच दात, डोळा, खांदा सापडतो. रॉथकोकडे हालचाल नाही. मऊ कडांचे दोन-तीन मोठे आयत, एकावर एक पातळ थर दिलेले. कडा बघायच्या. त्या धूसर असतात, म्हणून आयत पुढे-मागे होतात. रॉथकोला प्रेक्षक अगदी जवळ, हातभर अंतरावर उभा हवा असे. तिथले राखणदार इतकं जवळ जाऊ देतील असं नाही.

आणि आपले गायतोंडे. नागपूरला १९२४ चा जन्म, जे. जे.त शिक्षण, २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये मोठं प्रदर्शन. लोक त्यांना 'भारताचा रॉथको' म्हणतात. तू म्हणू नकोस. रॉथकोकडे आकार रंगवलेले असतात. गायतोंड्यांकडे रोलर आणि पॅलेट नाइफनं थर दिलेला, खरवडलेला, पुन्हा दिलेला असतो. रंग बहुधा एकच, आणि त्यातून काही खुणा पाण्याखालून वर याव्यात तशा येतात. रॉथकोचा आयत तुझ्याकडे येतो, गायतोंड्यांचा पृष्ठभाग तुला आत घेतो. स्वतःच्या चित्रांना ते अमूर्तही म्हणू देत नसत. तिरक्या उजेडात उभी राहून बघ, थर दिसतात.

तिकडे कोणी विचारलंच की तुमच्याकडे तेव्हा काय चाललं होतं, तर १९४७ सांग. मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे. ह्यांना युरोपची एकच पाटी लावायला गेलीस तर फसशील. पॅरिसमध्ये चाळीस वर्षांत ओळीनं जे घडलं, ते पुस्तकांतून, ठसाचित्रांतून आणि युरोपातून मुंबईत आलेल्या लांगहामर, फॉन लायडन, श्लेसिंगर अशा लोकांच्या घरून ह्यांच्या हाती एकदम पडलं. त्यांनी त्यातून हवं ते उचललं. गोव्यातल्या साळगावच्या सूझांच्या चित्रात जाड काळी रेघ, कपाळावर चढलेले डोळे, बाणांनी टोचलेली मान दिसेल. त्यात पिकासो आहे, रुओ आहे, पण चर्चमध्ये लहानपणी बघितलेले हुतात्मेही आहेत. अशा चित्रापुढे मार्क कशात कापले हे सांगता येतं. कोणाचं बघून कापले, ते एका शब्दात सांगता येत नाही.

१९६० नंतरचं भराभर सांगतो. वॉरहॉलचं माओचं चित्र तिथे आहे, साडेचार मीटर उंच. छापलेला फोटो, वर भडक रंग. चेहरा जाहिरातीतला, रंग चेहऱ्याच्या बाहेर सरकलेला. पॉप. डोळे दुखायला लागले, रेषा हलल्यासारख्या वाटल्या, तर ऑप, ब्रिजेट रायली. धातूच्या पेट्या सारख्या अंतरावर, विटांची रांग, दुकानातल्या ट्यूबलाइट, आणि कुठेही हाताची खूण नाही, तर मिनिमलिझम. त्या पेट्या करणाऱ्या डोनल्ड जडचं आणि पोलॉकचं काम एकाच दिवशी बघ, म्हणजे हाताची खूण पुसून जड काय करत होता ते सांगायला लागणार नाही. भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आणि शेजारी लेखी सूचना असल्या, तर सॉल लविट. भिंतीवर काढणारे दुसरे, लविटनं फक्त काय काढायचं ते लिहून दिलेलं. ते कन्सेप्च्युअल.

त्याच्या पुढे, म्हणजे साधारण १९८० नंतर, ही युक्ती खाली ठेव. नियम मोडून झाले, आता मोडायला उरलेलेच नाहीत. समकालीन कामापुढे वेगळे प्रश्न विचारायचे: हे कशाचं केलंय, आणि त्याचंच का? इथे मात्र पाटी वाचायची, आणि पाटीवरची साहित्याची ओळ आधी. फेलिक्स गोन्झालेस-टोरेसचं १९९१ चं काम मांडलेलं असेल तर कोपऱ्यात रंगीत कागदातल्या गोळ्यांचा ढीग दिसेल. पाटीवर वजन लिहिलंय: आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे एकोणऐंशी-ऐंशी किलो. ते एका धडधाकट माणसाचं वजन. त्याचा जोडीदार रॉस त्या वर्षी एड्सनं गेला. येणाऱ्यानं एक गोळी उचलायची, ढीग कमी होत जायचा, संग्रहालयानं पुन्हा भरायचा. वजनाची ती ओळ न वाचता पुढे गेलीस तर गोळ्या बघितल्यास, काम बघितलंच नाहीस.

तसंच आपल्या जितीश कल्लाटचं. तोही जे. जे.चाच. १८९३ साली सर्वधर्मपरिषद ह्याच इमारतीत भरली आणि ११ सप्टेंबरला विवेकानंद इथे बोलले. २०१० च्या ११ सप्टेंबरला कल्लाटनं ते भाषण इमारतीच्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत मांडलं. अक्षरांचे रंग पाच, आणि ते अमेरिकी सरकारच्या तेव्हाच्या दहशतवादी धोक्याच्या इशाऱ्यांचे. असहिष्णुता संपवा म्हणणारं भाषण आणि दुसऱ्या, म्हणजे २००१ च्या, ११ सप्टेंबरनंतरचे रंग, एकाच पायरीवर. हे कुठल्या वादात बसतं? कुठल्याच नाही, आणि बसवायची गरजही नाही. काम आता तिथे असेलच असं नाही, पण जिना आहे, त्या जिन्यानं चढ.

संग्रहालयाच्या शेजारच्या मिलेनियम पार्कात अनिश कपूरचं 'क्लाउड गेट' आहे, स्टेनलेस स्टीलच्या १६८ पत्र्यांचं, दहा मीटर उंच. गावात त्याला सगळे 'बीन'च म्हणतात. कपूर मुंबईतच जन्मला, १९५४ साली. सांधा शोधून बघ, सापडणार नाही. घासूनपुसून सगळे नाहीसे केलेत. जडसारखंच हाताची खूण पुसलेलं, पण जड तुला बाहेर ठेवतो आणि ह्यात तुझं तोंड, आकाश, इमारती सगळं येतं.

एका दिवसात हे सगळं होणार नाही. पहिल्या दिवशी मोने ते मातीस एवढंच कर, पिकासो दुसऱ्या दिवसासाठी ठेव. प्रत्येक दालनात शिरल्यावर पाट्यांकडे पाठ करून एक चित्र निवड, त्याच्यापुढे पाच मिनिटं उभी राहा, आधी लांबून आणि मग जवळून, अंदाज मनात बांध आणि मगच पाटी वाच. वहीत चित्रकाराचं नाव लिहू नकोस, मार्क कशात कापले तेवढं लिही. फोटो काढायचे तर कॅनव्हासच्या कडेचे आणि रंगाच्या थराचे काढ. आख्खं चित्र तर इंटरनेटवर मिळतंच. आणि गोळ्यांचा तो ढीग मांडलेला असेल तर त्यातली एक गोळी उचल. तिथे ती परवानगी आहे, बाकी कशालाही हात लावू नकोस.